मळ हिरवा निघाला

११ जानेवारी १९७०, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. सर्व्हे ऑफिसात बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींचे नकाशे काढले, शेवटची नऊ हेड ड्राफ्ट्समन म्हणून. काम लिहून काढलं की अर्धं होतं हा अनुभव. उरलेलं अर्धं सहा आठवड्यांत करायचं.
काम: गाडी साफ करणे.
२२ फेब्रुवारीला, रविवारी, नातवाचा पहिला वाढदिवस. काल खापरखेड्याहून सुभद्राचं पोस्टकार्ड आलं. बाबा नक्की या, सकाळी अकराला ओवाळायचं आहे. जावई गिरिधरराव तिथल्या पॉवर हाउसमध्ये इंजिनिअर, क्वार्टर कॉलनीतच. अंतर सोळा मैल. सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळी सौ.ला घेऊन परत यायचं.
सौ. मागच्या फेब्रुवारीत सुभद्राच्या बाळंतपणासाठी गेली ती अजून तिथंच आहे. बाळंतपणाला वेळ लागतोच.
कार्डावर तिनं स्वतः काही लिहिलेलं नाही. जागा नसेल. फूटपट्टी लावून पाहिली. खाली दीड इंच कोरं आहे. दीड इंचात काय लिहिणार.

१३ जानेवारी, मंगळवार.
गाडीवरची ताडपत्री आणि खालच्या तीन चादरी काढल्या. फियाट. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, अख्ख्या धरमपेठेत दुसरी नाही. विलायतेला निघालेल्या एका डॉक्टरांकडून चार वर्षांपूर्वी घेतली. चार वर्षांत सहाशे अकरा मैल. गाडी किती जपली आहे ते या आकड्यावरून कळावं.
चार आवरणांखालीही धूळ होती. कशी शिरते, कळत नाही.
समोरच्या घरातले चंपतराव बघायला आले. एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. म्हणाले, दोन बादल्या पानी मारा साहेब, फडकं फिरवा, अन् एक चक्कर मारून आणा. मी त्यांना सांगितलं की धुळीच्या प्रत्येक कणाला धार असते, ओल्या फडक्यानं तो रंगावर ओरखडा काढतो. ते म्हणाले, गाडी रस्त्यावर धावते जी, धूळ तर लागणारच तिले.
चांगला माणूस. पण शास्त्र नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
बर्डीच्या बाजारातून तिळाचे लाडू आणून ठेवले होते, कोणी आलं तर असावेत म्हणून. कामवाल्या रंभाबाईला दोन दिले. तिनं विचारलं, बाई कवा येतीन? मी म्हटलं, बावीस फेब्रुवारीला. तारीख सांगितल्यावर बरं वाटलं.
दुसरं कोणी आलं नाही. बरंच झालं. हात साबणाचे होते.

१७ जानेवारी, शनिवार.
आज मालाची निवड. बर्डीवर चार दुकानं फिरलो. पहिल्यानं सांगितलं, रिठ्याच्या पाण्याशिवाय काही लावू नका, रेशमी साड्या त्यानंच धुतात. दुसरा म्हणाला, धुण्याचा सोडा. तिसऱ्याच्या मते मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, ते डांबरसुद्धा काढतं. चौथ्यानं विचारलं, गाडी कोणती, आणि आतून त्याचा भाऊ म्हणाला की पाणी पुरतं. हा चौथा धंद्यात टिकणार नाही.
सगळं आणलं. शिवाय शिकेकाई, घरी असावी म्हणून. घरी आल्यावर लक्षात आलं की डबाभर शिकेकाई घरात आहेच.

१९ जानेवारी, सोमवार. सायंकाळी ५.
आज प्रयोग. बॉनेटवर खडूनं चार समान चौकोन आखले, प्रत्येकी अकरा इंच. एकात रिठा, एकात सोडा, एकात शिकेकाई, एकात मातीचं तेल. प्रत्येकी वीस मिनिटं. घड्याळ लावून.
निकाल: चारही चौकोन सारखेच स्वच्छ. दुकानदार उगीच भांडून राहिले होते.
एवढं काम झाल्यावर कोणाला तरी दाखवावंसं वाटतं. रंभाबाई पोळ्या करून निघून गेली होती. चंपतराव घरी नव्हते. मीच दोन पावलं मागं जाऊन पाहिलं, मग पुन्हा पुढं येऊन.

२० जानेवारी, मंगळवार.
सोड्याचा चौकोन आज पांढुरका दिसतो आहे. सोडा अंमळ जास्त वेळ राहिला असावा. काल दुपारी बाहेर बसून चहा घेतला, त्यात वेळ गेला.
उपाय सोपा आहे. बाकीचे तीन चौकोन त्याच्या जोडीला आणायचे.

२२ जानेवारी, गुरुवार.
आता चारही पांढुरके. बॉनेट एकसारखं झालं, पण उरलेल्या गाडीशी जुळत नाही.

२४ जानेवारी, शनिवार.
मोटारींच्या सामानाच्या दुकानातून घासायची पेस्ट आणली. रबिंग कंपाउंड म्हणतात. दुकानदार म्हणाला, हलक्या हातानं. मी बत्तीस वर्षं शून्य नंबरच्या निबनं रेघा काढल्या आहेत, मला हलका हात शिकवतो.
तीन तास घासलं. चमक आली. खरी चमक आली, काचेसारखी. त्यात माझं तोंड दिसलं. दाढी करायला पाहिजे.
एक विशेष नोंद: फडक्यावर आलेला मळ हिरवा होता. चार वर्षांचा मळ, साचून साचून रंगाच्याच रंगाचा झाला असणार. सहा फडकी भरली.

२६ जानेवारी, सोमवार.
सकाळी कोपऱ्यावरच्या शाळेत झेंडावंदन पाहिलं. मग बंपर.
पितळेच्या भांड्यांना चिंच लावतात, तेव्हा बंपरलाही चालेल असा विचार केला. स्वयंपाकघरात चिंच शोधली. वरच्या फळीवर बरण्या आहेत, प्रत्येकीवर चिठ्ठी, सौ.च्या अक्षरात. 'चिंच नवी.' 'चिंच जुनी, सारासाठी.' 'मेथी.' 'सांडगे, यांना आवडतात, संपवू नये.' अक्षर बरं आहे तिचं. पूर्वी कधी लक्ष गेलं नव्हतं.
तिथं पाटावर थोडा वेळ बसलो. उभं राहून पाठ भरून आली होती.
चिंचेनं बंपरला ना फायदा ना तोटा. रंभाबाई म्हणाली, वास मात्र वरणाचा येऊन राहिला.
सांडगे तळून घेतले. मऊ पडले होते.

३० जानेवारी, शुक्रवार.
टायरना खोबरेल तेल लावलं. काळेभोर झाले. बारा वाजेपर्यंत अत्यंत समाधान.
तीन वाजता मुंग्या. तेलात थोडं नारळाचं खोबरं राहिलं असावं. मुंग्यांमागून दोन कुत्री आली आणि मागचं टायर चाटत बसली. हाकलली की परत येत. चंपतरावांनी पाहिलं. म्हणाले, टायरले तेल लावता का जी, रबर फुगते. पण नंतर स्वतःच बादली आणून धुऊन दिले. मी म्हटलं, तुमचा वेळ जाऊन राहिला. ते म्हणाले, वेळच तर आहे आपल्या दोघांजवळ.
मी निराळा आहे. माझ्याजवळ काम आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
आतली सफाई. सीटवरचं पांढरं कापड काढलं. खाली रेक्झिन नव्यासारखं. हे आपोआप होत नसतं. पहिल्या दिवसापासून माझा नियम आहे: चपला-बूट बाहेर काढल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. पाहुण्यांनाही सूट नाही. याच नियमावरून माझे मेहुणे एकदा बसता बसता उतरले होते आणि टांग्यानं गेले.
सौ.नं मात्र कधी कुरकुर केली नाही. चपला वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. मागच्या सीटखाली तो कागद सापडला आज. घडी घातलेला. आत मातीचा कणही नव्हता.
चार वर्षांत ती किती वेळा गाडीत बसली हे आठवून पाहिलं. तीनदा. चौथ्यांदा निघालो होतो रामटेकला, पण त्या दिवशी समोरून बैलगाड्यांची रांग होती, धूळ फार होती, कामठीहून परत फिरलो.
कागद टाकला नाही. पुन्हा लागेलच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.
रंभाबाईनं आज नसता विषय काढला. भांडी घासता घासता विचारलं, साहेब, बाई काहून गेल्या? म्हटलं, बाळंतपणाला. ती म्हणाली, पोरगं तर चालाले लागलं असंन आता. ही माणसं काहीबाही बोलत असतात.
तिच्या मनात काटोलची गोष्ट आहे हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी ती घरात होती. एकदाचं नीट लिहून टाकतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.
ऑगस्ट १९६८. सासूबाई काटोलला होत्या, सौ.च्या भावाकडे. अकरा वाजता तार आली, आई अत्यवस्थ. आदल्याच दिवशी मी गाडीला मेण लावलं होतं. मेण बसायला चोवीस तास लागतात, डब्यावर छापलेलं आहे. त्यात पाऊस आणि रस्ता चिखलाचा. एक वाजताची एस.टी. होती. मी स्वतः रिक्शातून सौ.ला स्टँडवर पोचवलं. माझी छत्री तिला दिली. मी भिजत परत आलो.
ती साडेतीनला पोचली. सासूबाई पावणेतीनला गेल्या होत्या.
आता हिशेब. गाडीनं साडेअकराला निघालो असतो तर सुक्या रस्त्यानं सव्वा वाजता पोचलो असतो. पण रस्ता ओला. पाऊण तास धरा. दोन. रेल्वे फाटक, वीस मिनिटं. दोन वीस. पंक्चर झालं असतं तर अर्धा तास. दोन पन्नास. म्हणजे तरीही पाच मिनिटं उशीरच.
हा हिशेब मी तिला तेराव्यानंतर कागदावर मांडून दाखवला होता. तिनं पूर्ण वाचला. कागद मला परत दिला. त्यानंतर या विषयावर एक शब्द बोलली नाही. पटलं असणार.

७ फेब्रुवारी, शनिवार.
पंक्चर झालंच असतं असं नाही.
आज काम केलं नाही. सर्दी.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
बॉनेटवर मधोमध एक तांबूस डाग दिसतो आहे. तळहाताएवढा. आधी वाटलं गंज. नखानं खरवडून पाहिलं. चंपतराव म्हणाले, हे अस्तर आहे, रंगाखालचं. तुमी रंगच काढून टाकला जी. मी म्हटलं, रंग कसा निघेल, मी फक्त मळ काढला. ते म्हणाले, कोन्या रंगाचा मळ होता? मी सांगितलं. ते डागावरून एकदा बोट फिरवून घरी गेले.
खिडक्यांसाठी आणलेला हिरवा ऑइलपेंट माळ्यावर होता. थोडा काळा मिसळून जुळवला. ड्राफ्ट्समनला रंग जुळवता येतो. पातळ हात दिला. दहा फुटांवरून अजिबात दिसत नाही.
संध्याकाळी चंपतरावांनी रस्त्याच्या पलीकडून विचारलं, हे आता काय लावलं?

१४ फेब्रुवारी, शनिवार.
गाडी चालू करून पाहिली. होत नाही. किल्ली फिरवली की एक टक् असा आवाज येतो आणि पुढं शांतता.
बॅटरी उतरली आहे. चंपतरावांनी काढून सायकलच्या कॅरिअरवर बांधली आणि चार्जिंगला नेली. मी बरोबर चालत गेलो. वाटेत ते म्हणाले, सहा महिने उभी ठेवता, मग बॅटरी काहून टिकंन. वापरली का टिकते. ठेवली का जाते.
मग म्हणाले, एक बोलू काय, राग नका धरू. महिनाभर घासून राहिले तुमी. पर बसणार कोण?
राग धरण्याचा प्रश्न नाही. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. असा माणूस दुसऱ्याबद्दलही तसंच समजतो. माझी परिस्थिती वेगळी आहे. माझी बायको सोळा मैलांवर आहे.
खापरखेड्याला मी सोबत येऊ काय, असंही त्यांनी विचारलं. गाडी मी हाकतो म्हणाले. नको म्हटलं. परत येताना मागं सौ., पुढं मी, असं ठरलेलं आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार.
सुभद्राचं अंतर्देशीय. उतरवून ठेवतो.
'बाबा, तुम्ही येताय हे वाचून आनंद झाला. आई बरी आहे. जूनपासून कॉलनीच्या बालवाडीत शिकवते हे तुम्हाला तिनं कळवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मुलं तिला सोडत नाहीत. एक विनंती, रविवारी तिला परत नेण्याचा विषय काढू नका. सावकाश या.'
तीनदा वाचलं. अर्थ सरळ आहे. विषय काढू नका, म्हणजे काढायची गरज नाही. तिची तयारी आहे, लोकांसमोर चर्चा नको एवढंच. बायका अशा बाबतीत संकोची असतात.
बालवाडीचं मला कळवलं नव्हतं. किरकोळ गोष्ट, राहून गेली असेल.
रंभाबाईकडून आतली खोली सारवल्यासारखी पुसून घेतली. सौ.ची गादी उन्हात टाकली. उशी सापडत नाही. नेली असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ६.
शेवटचं मेण काल सकाळीच लावलं. चोवीस तास पूर्ण, वर दहा तास जास्त. काचा वर्तमानपत्रानं. बंपर पितळेच्या पॉलिशनं, शेवटी तेच चाललं. गाडी इंजिनसकट तयार. फाटकापर्यंत पुढं आणि मागं नेऊन पाहिली.
अशी गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. फाटकाजवळ ऊन पडलं होतं, त्यात नुसती झळकत होती. शाळेतून येणाऱ्या दोन बाया थांबून बघत होत्या. मला वाटतं गाडीच बघत होत्या.
नातवासाठी चांदीचा वाळा घेतला आहे. सौ.साठी काही घ्यावं का, हा विचार केला. गाडीच आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.३०.
निघतो आहे. हवा स्वच्छ.

२३ फेब्रुवारी, सोमवार.
कालचं लिहायचं आहे.
साडेसहाला निघालो. सोळा मैल, म्हणजे रमतगमत आठ वाजेपर्यंत. पण गावाबाहेर पडलो आणि समोरून एक ट्रक आला. पूर्ण गाडीवर धुळीचा थर. थांबलो. कोरड्या पिसांच्या झाडणीनं झटकून, कातड्याच्या फडक्यानं पुसली. पाऊण तास. निघालो तर दुसरा ट्रक. थांबलो. असं सात वेळा. पाचव्या वेळी फडकं पिळायला सोबत घेतलेलं पाणी संपलं, एका विहिरीवरून बादली मागून आणली. विहिरीवरची म्हातारी म्हणाली, लग्नाची गाडी आहे काय? मी म्हटलं, तसंच समजा.
पोचलो तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.
ओवाळणं अकराला झालं होतं. पंगती उठल्या होत्या. नातू झोपला होता. फोटोग्राफर येऊन गेला होता. सुभद्रा म्हणाली, बाबा, आम्ही बारापर्यंत थांबलो फोटोला. गिरिधररावांनी गाडी कुठे आहे विचारलं. मी ती दूर, लिंबाखाली ठेवली होती. कॉलनीत पोरं फार, सगळ्यांचे हात जिलबीचे.
सौ. स्वयंपाकघरातून आली. वर्षभरात बारीक झाली आहे, पण चेहरा बरा होता. चष्मा लागला आहे. मला माहीत नव्हतं. म्हणाली, हातपाय धुवा, ताट वाढते. मी म्हटलं, आधी गाडी बघ. ती म्हणाली, निदान ताट घ्या. मी ताट घेतलं आणि ताट हातात घेऊनच तिला लिंबाखाली नेलं.
ती गाडीभोवती एकदा फिरली. बॉनेटवर बोट ठेवून म्हणाली, इथं काय झालं? मी म्हटलं, मळ निघाला. ती थोडी हसली. किती दिवसांनी हसली म्हणून मी लगेच मागचं दार उघडलं. म्हटलं, बस, एक चक्कर मारू, मग सामान घेऊ.
ती थांबली. मग तिनं पदर सावरला, दारावर हात ठेवला आणि पाय उचलला.
माझ्या तोंडून निघून गेलं, "चपला."
मला म्हणायचं नव्हतं. सवयीनं गेलं. मी लगेच म्हटलंही, राहू दे, राहू दे, आज चालतं. पण तिनं पाय खाली ठेवला होता.
ती रागावली नाही. रागावली असती तर मी काही बोललो असतो. म्हणाली, "मी येत नाही. तुम्ही जेवा, गार होतंय."
मी विचारलं, का.
"इथं सकाळी चोवीस मुलं माझी वाट पाहतात. तिथं कोण पाहतं?"
मी म्हटलं, मी पाहतो.
ती म्हणाली, "असं तुम्ही कधी लिहिलं नाही."
मी म्हटलं, दर महिन्याला पत्र आहे माझं, बारा पत्रं होतात.
"हो. नळाची वेळ बदलली ते लिहिलंत. शेडचा पत्रा बदलला ते लिहिलंत. मेण महागलं ते दोनदा लिहिलंत. सगळी ठेवली आहेत मी. एकातही ते नाही."
लिंबाची पानं टपावर पडत होती. मी उचलली नाहीत. ती म्हणाली, "काटोलला जाताना मी अडीच तास उभी होते बसमध्ये. त्याचंही मला काही नाही आता. पण तुम्ही तो हिशेब मांडून आणलात ना, त्या दिवशी मी ठरवलं होतं. बाळंतपण नंतर आलं."
यावर माझ्याकडे मुद्देसूद उत्तर होतं. पण हातात ताट होतं.
ती घरात गेली. मी गाडीच्या मडगार्डाला टेकून जेवलो. श्रीखंड तिनंच केलेलं होतं. वेलदोडा जास्त, मला लागतो तसा.
नातू उठल्यावर वाळा घातला. तो माझ्याकडे आला नाही, अनोळखी माणसाकडे मुलं जात नाहीत. पाचला निघालो. वाटेत चार ट्रक भेटले. कुठंही थांबलो नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार.
गाडी फाटकातच उभी आहे. आत घेतली नाही, झाकली नाही. चंपतराव सकाळी आले, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्याकडचा चहा घेऊन आले. आम्ही पायरीवर बसून प्यालो. नंतर ते म्हणाले, त्यांच्या बायकोले सिनेमा आवडे. ड्युटी असे म्हणून कधी नेलं नाही. एवढंच म्हणाले.
मी म्हटलं, चंपतराव, रविवारी तुम्हाला गाडी पाहिजे तर घेऊन जा कुठं. ते म्हणाले, मी कुठं जाऊ जी एकटा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
पत्र लिहायला बसलो. 'तुझी वाट पाहतो.' तीन शब्द. हे वर घ्यायचं की खाली, हा प्रश्न पडला. वर घेतलं तर एकदम वाटतं. खाली घेतलं तर त्याआधी काहीतरी लिहावं लागतं. आधी हवामान लिहिलं. मग नळाची वेळ पुन्हा बदलली आहे ते लिहिलं. तोवर कार्ड भरलं.
फाडलं. चार कार्डं गेली.
असल्या गोष्टी लिहून होत नाहीत. तोंडी सांगितलेल्या बऱ्या. परवा रविवार आहे, बालवाडीला सुट्टी. सरळ जायचं, समोर उभं राहून सांगायचं. मी बोलू लागलो की ती ऐकते, हा माझा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. संध्याकाळपर्यंत सगळं मिटेल. गाडी नाही, एस.टी.नं. येताना दोन तिकिटं.

१ मार्च, रविवार. सायंकाळी ७.
आठच्या एस.टी.नं गेलो. साडेनऊला दारात. गिरिधरराव एकटेच होते, लुंगीवर, पेपर वाचत. म्हणाले, अहो, आधी कळवायचं तरी. बालवाडीच्या सगळ्या बाया पहाटेच सहलीला गेल्या, रामटेकला. सुभद्रा आणि बाळही. आई तर कालपासून तयारी करत होत्या. कॉलनीचा ट्रक केला आहे, त्यांना पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं. यायला रात्र होईल.
त्यांनी चहा केला. साखर विसरले, मी सांगितलं नाही. पॉवर हाउसबद्दल बरंच बोलले. मी ऐकलं. काही निरोप आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. तीन शब्दांचाच होता. पण जावयाजवळ देण्यासारखा नव्हता. म्हटलं, नाही, सहज आलो होतो.
बाराची बस मिळाली. खिडकीची जागा होती. गाव मागं पडल्यावर ते वाक्य एकदा म्हणून पाहिलं, नीट जमतं का ते बघायला. शेजारच्या माणसानं विचारलं, काही म्हटलं काय जी?
मी म्हटलं, नाही.